पाव दिवस

माग्डेबुर्गमध्ये पहाटे चारला
बेकरीचं मागचं दार करकरतं
तेव्हा पहिली ट्रामही डेपोत झोपलेली असते.
मी इथली हिशेबनीस, वीब्के, वय एकसष्ट.
पिठाशी माझा संबंध फक्त कोटाच्या बाहीपुरता.

रोझीन चिंदा सायकलवरून येते,
नाकापर्यंत मफलर, पाठीला दप्तर,
दप्तरात विजेच्या मोटारींची गणितं
आणि एक चौकटींची वही.
त्या वहीत ती दिवस खोडते.
वर्षाला एकशेचाळीस पूर्ण
किंवा दोनशेऐंशी अर्धे,
एवढीच मुभा, तिच्या परवान्यासोबतच्या
हिरव्या कागदावर छापलेली.
चार तासांपर्यंत अर्धा.
चार तास आणि एक मिनिट, की झाला पूर्ण.
मध्ये काही नाही.
सव्वा नाही, पाऊण नाही.
कायद्याला पाव ठाऊक नाही;
पाव इथे फक्त भट्टीतून निघतो.

म्हणून ती चारला येते, आठला जाते.
सात पन्नासला नखांतली कणीक काढू लागते.
ओट्टमार, आमचा थोरला बेकर, ओरडतो,
"घड्याळाच्या घरी दिलंय की काय तुला?"
ती हसते. म्हणते, याउंदेच्या बाजारात
माझी आई शेंगदाणे मापानं विकते
आणि मापावर एक मूठ टाकते, न विचारता.
इथल्या मापावर मूठ नसते, ओट्टमार.

नोव्हेंबरातला मंगळवार. सात छप्पन्न.
ओल्या फरशीवर ओट्टमार आडवा झाला,
सोबत बन्सचे तीन ट्रे.
तिने ॲप्रन सोडलेला होता,
हजेरीचं कार्ड तेवढं टोचायचं राहिलेलं.
ती खाली बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं.
तो तिला गुडरून म्हणत राहिला
(गुडरूनला जाऊन नऊ वर्षं झाली)
आणि ती दर वेळी ओ देत राहिली.
रुग्णवाहिका आली, गेली.
मग तिने कार्ड टोचलं.
आठ बारा.

वहीत आजचा धरून चारच अर्धे उरले होते,
नाताळच्या आठवड्यासाठी पोटाशी धरलेले.

मी कचेरीत फोन लावला.
वीस मिनिटं बासरी ऐकली.
मग एक मुलगा आला, सर्दी झालेला, वाईट नव्हता.
"त्या बारा मिनिटांत ती काय करत होती?"
हात धरून बसली होती.
"कुणाचा?"
बेकरचा.
"म्हणजे कामाच्या जागीच."
फरशीवर, मी म्हटलं.
तो शिंकला. म्हणाला, याला रकाना नाही,
लेखी पाठवा.

अडतीस वर्षांत मी एकही आकडा खोडलेला नाही.
त्या संध्याकाळी पेनाचं टोपण काढून बसले.
बाराचं शून्य करायला
कितीशी शाई लागते?
आणि पकडलं गेलं तर
माझी फक्त नोकरी जाईल,
तिचा तर देशच.
हे ध्यानात आलं तेव्हा टोपण लावलं.

बुधवारी तिला सगळं सांगितलं.
ती कार्डाकडे पाहत राहिली.
पाय दुखत असावेत, पोत्यावर टेकली.
"पूर्ण लिहा," म्हणाली.
"हे वर्ष नुसतं अर्ध्या-अर्ध्यानं खाल्लंय मी.
एक तरी दिवस अख्खा असू दे."
थोड्या वेळानं, पिठाच्या पोत्याकडे बघत:
"भाड्याचं बघते मी."

मी पूर्ण लिहिला.
यात मोठेपणा कुणाचा नाही;
चार तासांची मजुरी गेली, ती तिचीच गेली.

चोवीस तारखेला गर्दी, म्हणून मला गल्ल्यावर बसवलं.
मागच्या दारानं ती येणार नव्हती, दिवस संपले होते.
पुढच्या दाराची घंटा वाजली.
दोन वर्षांत या दारानं
तिला आत येताना मी प्रथमच पाहिलं.
रांगेत उभी राहिली, मफलर सोडून.
ओट्टमारची काठी कशी चाललीय विचारलं,
नाणी मोजून ठेवली,
म्हणाली, एक पाव.

पिशवीत पाव घातला.
मग आतून बन्सचा एक ट्रे आला, गरम,
आणि माझा हात मापावर गेला,
न विचारता.