पाच मिनिटांची पट्टी

कुताईसीच्या नेत्र-दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं काम एवढंच:
खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायची,
पाच मिनिटं मोजायची,
मग कुपीत टाकून झाकण घट्ट लावायचं.

आज नाझिब्रोला आली.
ट्रॉलीबसवर कंडक्टर होती, ट्रॉलीबस बंद झाल्या तशी घरी बसली.
ताप जाऊन सात आठवडे झाले.
खोकला गेला, वास परत आला
(पहिला आला तो म्हणे करपलेल्या अक्रोडाचा),
पण डावा डोळा अजून लाल,
कुसळ गेल्यासारखा.

"पोरी, छातीतून गेलेला तो
डोळ्यात घर करून बसतो का?"
तेच तर शोधतोय आम्ही, म्हटलं.
डोळ्यातून नाकात एक बारीक नळी उतरते,
रडलं की नाक वाहतं ना, तिच्यामुळेच.
त्याच वाटेनं वर चढत असेल.
"असेल?"
असेल.

"रडले कुठे मी," ती म्हणाली.
"झाउरीला नेला तेव्हा मी तापात होते.
शेजाऱ्यांनी माती दिली.
पुढे जमलंच नाही."

पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात.
दहा तरी हव्यात. तिची तीनवर अडली.
दीड मिनिट उरलं होतं.
खाली रिओनी दगडांवर आपटत होती.
नियम मला पाठ आहे: रुग्णाला बोलतं करायचं नाही,
हसवायचं नाही, रडवायचं तर नाहीच.
मी विचारलं, त्यांना वाईन कोणती आवडायची?

"वाईन कसली! साखरेचं दुखणं.
लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसारखा पेला धरून उभा,
पेल्यात डाळिंबाचा रस,
आणि भाषण मात्र सगळ्यात लांब त्याचंच.
मटण गार व्हायचं."
आणि हसायला लागली, खांदे हलेपर्यंत.
पट्टी सरसर अकरावर गेली.

नोंदवहीत कुठला आकडा लिहावा
यावर मी जरा वेळ पेन धरून बसले.

निकाल बाराव्या दिवशी.
फोनवर वाचून दाखवला:
विषाणूच्या खुणा आढळल्या.
जिवंत की नुसत्याच उरलेल्या, सांगता येत नाही.

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.
"मला त्याच्याकडूनच लागला होता," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग: "थेंब किती वेळा घालायचे?"

चार वेळा, म्हटलं.
आणि डोळा चोळू नका.