वीस वेळा चावा

डेंटलच्या दुसऱ्या माळ्यावर खुर्ची मागं झुकली.
पोट्टी आरसा घालून मोजत गेली :
वर दोन, खाली सहा.
"बाबा, समोरासमोर एकही जोडी नाही."
मी म्हणलो, हाव जी,
गोळीबार चौकातल्या बाकड्यावर पण
आता तसंच आहे.

ती हसली नाही. नवीन असंन.
कोटावर नाव होतं, कृत्तिका बारापात्रे.
मंग तिनं च्युइंगमच्या दोन पट्ट्या
एकमेकीवर दाबून माह्या हातात दिल्या,
एक निळी, एक गुलाबी.
"वीस वेळा चावा. गिळू नका."

चावलं. म्हणजे
जिभेनं ढकललं इकडून तिकडं,
हिरडीवर घासलं,
बारावर दम लागला,
सतराव्याले एकदा गालच सापडला.
वीसले पन्नीत थुंकलो.
जिंदगीभर पन्नीत घोटून खर्रा खाल्ला,
रंगखात्याच्या वासानं मळमळे, म्हणून.
आज पन्नीतच हिशोब दिला.

तिनं पन्नी दाबून चपटी केली,
ट्यूबलाइटखाली कार्डाशी लावली.
निळा एका अंगाले, गुलाबी दुसऱ्या अंगाले,
मधात जांभळी एक रेघ,
तीही तुटक.
"तीन नंबर," ती लिहू लागली.

मले राह्यवलं नाही.
मॅडम, अठ्ठावीस वर्षं मिलमंधी सूत रंगवलं,
कढईत काठी फिरवली.
खिडकीपाशी न्या.
ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलते.
ती गेली बिचारी, उन्हात धरलं,
खूप वेळ पाह्यलं,
अन् तिनाचा दोन केला.
तेवढ्यात हसली.
मास्तर असता तर हा घाणा
माह्या अंगावर फेकला असता.

कवळीले दीड महिना.
दातांचाही रंग निवडा लागते,
त्याच्याही पट्ट्या असतात.
पांढरा नको, म्हणलो,
थोडा चहा पेलेला द्या.

घरी कोणाले माहीत नाही
की लग्नाच्या पंगतीत माह्या पोटात
नेमकं तेव्हाच काऊन दुखते.
की सदऱ्याच्या खिशातले फुटाणे
मी चावत नाही,
गालात ठेवून वाट पाहतो.
कोणी विचारलं तर सांगतो,
आता तिखट चालत नाही, कडक चालत नाही,
मन भरलं.
मन कुठं भरते.

उरलेली एक जोडी मागून आणली होती.
रात्री जानकीले दिली, सिरियल सुरू असताना.
"हे कायले?"
चाव ना, वीस वेळा.
तिनं टीव्हीवरची नजर न काढता चावलं,
मोजलं मीच.
सकाळच्या उजेडात पाह्यलं :
सगळा जांभळा, एकसारखा,
कुठं गाठ नाही, डाग नाही.
असं सूत मिलच्या दारातून
पहिल्या खेपेले बाहेर गेलं असतं.

मी काही बोललो नाही.
तिनं ताट वाढलं.
भाकर, झुणका, वाटीत वरण.
तिच्या ताटात कोपऱ्याले
भाकरीचे काठ, भाजलेले, कडक,
ती एकेक उचलून
कुरुम कुरुम खात होती.

माह्या भाकरीले
किती वर्षांपासून काठ नाही,
अन् मी, कोष्ट्याचा पोट्टा,
काठ पाहून कापड ओळखणारा.