शेवळं

जांभळी नाक्यावर, छत्रीवाल्याच्या बाजूला
येऊरहून उतरलेली लखमी
पळसाच्या पानांवर जुड्या मांडते.
वर्षातले जेमतेम वीस दिवस.

पहिल्या खेपेला नुसतीच शेवळं नेली.
मी लातूरकडची; भाजी म्हणजे भाजी.
तेल, लसूण, काळं तिखट, झालं!
रात्रभर घसा असा खाजला दोघांचा
की नवऱ्याची बोलतीच बंद.
तेवढाच काय तो फायदा.

सकाळी भांडायला गेले.
"काकडं नाय घातली? मंग खाजंलच ना, बाय,"
म्हणत तिनं ओंजळभर हिरवी आंबट फळं
पिशवीत ओतली. पैसे काही घेतले नाहीत.
मी भांडण विसरून आणखी दोन जुड्या घेतल्या.

आता जमतं.
वरची सालं काढते, आतला पिवळा दाणेदार भाग फेकते,
काकडं ठेचून रस, मूठभर सोडे,
ओलं खोबरं, आच अगदी मंद.
बोटं काळपट होतात, होऊ देत.
झाकण काढलं की चौथ्या मजल्यावर
ओल्या पाचोळ्याचा वास.
शेजारच्या देवस्थळीबाई वाटी घेऊनच येतात.

नवरा मात्र अजून
पहिला घास हातात धरून
माझ्या गळ्याकडे बघत राहतो.
मी गिळते.
मग तो.