दम

होंड्याच्या नाक्यापुढे, काजूच्या दोन झाडांखाली
माझं गॅरेज. म्हणजे चार पत्रे, एक चेन-पुली,
आणि जमीन, जी आता माती राहिलेली नाही:
सव्वीस वर्षं ऑइल पिऊन चामड्यासारखी झाली आहे.

म्हाबळूनं गाडी आणली मंगळवारी.
सातशे नऊ, पंच्याण्णवचं मॉडेल,
आधी बियरचे खोके, मग चिरे, आता बेळगावची भाजी.
काचेवर मालकाची सायबीण,
तिच्या बरोबर खाली म्हाबळूची लिंबू-मिरची.
म्हणाला, उतरताना भरलेली असते तेव्हा काही नाही,
चोर्ल्याला रिकामी चढवतो, तर दम टाकते.
तिसऱ्या वळणावर बसतेच. म्हशीसारखी.

मी दोन्ही फिल्टर बदलले.
हँडपंप मारून लाइनमधली हवा काढली,
बुडबुडे संपून डिझेल सरळ धारेनं येईस्तोवर.
बुधवारी गेली, गुरुवारी परत.
नोझल उतरवून फोंड्याला पाठवले,
तिथला पोरगा फोनवर म्हणाला, फवारा झकास आहे, काका.
फीड पंपाचा व्हॉल्व्ह. एअर क्लीनर,
त्यातून मूठभर तांबडी धूळ निघाली.
चाकांच्या ड्रमवर तळहात ठेवून पाहिलं,
ब्रेक धरत असतील तर चटका बसतो.
नाही बसला.

म्हातारी गाडी तपासायला घेतली की सगळंच सापडतं.
किंगपिनला खेळ. डाव्या कमानीचा दुसरा पाटा मोडलेला.
क्लचच्या सिलिंडरमधून थेंब थेंब.
ते सगळं खरंच होतं,
बिलातही आलं.
पण दम त्यात नव्हता.

शनिवारी मी स्वतः केबिनमध्ये बसलो.
ताहीर मागे, रिकाम्या क्रेटांवर.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्यावर सूर पातळ झाला,
म्हणजे आवाज तोच, पण आतून कुणी उठून गेल्यासारखा,
आणि बंद.
म्हाबळूनं खाली उतरून चाकाला दगड लावला, बिडी पेटवली.
बिडी संपल्यावर किल्ली फिरवली
आणि गाडी हसत सुरू झाली.
नेहमी असंच? मी विचारलं.
बिडी संपली की बरी होते, तो म्हणाला,
हे तू मला कधी विचारलंच नाहीस.

संध्याकाळी टाकी उतरवली.
डिझेल बादल्यांत काढलं, तळाशी गाळ, गंजाच्या पापड्या,
आणि ताहीरनं वाकडी तार घालून
काहीतरी ओढलं बाहेर.
चौकड्याची चिंधी. निळी असावी एके काळी.

इंजिन जोरानं ओढू लागलं की
ती नळीच्या तोंडाला चिकटत असणार.
इंजिन थांबलं की सुटून परत तळाशी निजत असणार.
इतकंच.

झाकण हरवलं होतं, चारेक वर्षांपूर्वी, चवथीच्या आदल्या दिवशी.
म्हाबळूला माटोळी बांधायला घरी पोचायचं होतं.
मी लुंगी फाडून बोळा कोंबला,
म्हटलं, फाल्यां झाकण आणून ठेवतो.
नंतर झाकण कुणीतरी बसवलं.
बोळा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही.
उरलेली अर्धी लुंगी
अजून खांबाच्या खिळ्याला आहे, हात पुसायला.

ताहीरनं चिंधीकडे पाहिलं.
मग खिळ्याकडे.
मग तो पाने धुवायला बसला,
धुतलेलेच.

बिलात मी लिहिलं: टाकी साफ.
पुढे आकडा लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.
म्हाबळूनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली.
मजुरी?
राहू दे.
तो गाडीभोवती एक फेरी मारून आला,
वाकून खाली पाहिलं, टायरला लाथ घातली.
फुकट म्हणजे काहीतरी राहिलंय, मिस्त्री.
खरं सांग.

काही नाही, मी म्हटलं.
आणि टाकीचं झाकण पुन्हा एकदा आवळलं.
मी हात काढल्यावर
ताहीरनं आवळलं.