निचरा

शिरोलीच्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं
मी वाळू ओळखत होतो.
मुठीत दाबायची, उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर साचा धरेल,
ढासळली तर पाणी कमी.
एवढ्या विद्येवर मी परत आलो,
कुरुंदवाडच्या पुढं, नदीपासून दोन हाकांवर,
आमच्या तीस गुंठ्यांत.
मूठ उघडली. तळव्यावर पांढरं.

वडिलांनी इथं उसाला पाणी दिलं,
शेजाऱ्यानं दिलं म्हणून दिलं,
पाळी आली म्हणून दिलं,
रात्री मोटर बंद करायला कोण उठणार, म्हणून दिलं.

हौसाक्का चौगुले बांधावर टेकली.
"मिठाला सातबारा वाचता येत न्हाई बाबा.
तुजं माज्यात येतंय, माजं खालच्यात."
तिच्या दीड एकरात
विलायती बाभळसुद्धा नाखूश होती.

म्हणून आम्ही अकराजण जमलो,
बंद पडलेल्या गुऱ्हाळात, थंड काहिलीभोवती.
कुणी संस्था म्हणालं, कुणी गट.
बाबालाल मुल्लाणी म्हणाले, "पैराच की ह्यो,
फकस्त बैलांच्या जागी पाइप."
नाव तेच राहिलं.
वही माझ्याकडं आली, कारण माझं अक्षर बरं
आणि गमवायला माझ्याकडंच सगळ्यात कमी.

पहिल्या पानावर: चार फूट खोल, भोकांची पाइप,
वरच्या रानातून खालच्यात, तिथून ओढ्यात.
दुसऱ्यावर: पाचट पेटवायचं नाही.
पाणी वार बघून नव्हे, मूठ बघून.
तिसऱ्यावर एकच ओळ:
नेमगोंडा पाटील. नाही.

मधलं रान त्याचं.
तिथला ऊस असा, की हत्ती शिरला तरी दिसू नये.
त्याच्या मातीत मीठ नव्हतं, किंवा अजून नव्हतं.
"तुमचं दुखणं माझ्या पोटातनं का न्यायचं?"
प्रश्न चुकीचा नव्हता.
दोन वर्षं पाइपा गुऱ्हाळात पडून राहिल्या,
त्यांच्या ढिगात मुंगसानं पिलं घातली.

त्या दोन वर्षांत आम्ही काय केलं?
भांडलो. चहाच्या पैशांवरनंसुद्धा.
चौघं गेले. एक परत आला,
त्याला कुणी काही विचारलं नाही.
धैंचा पेरला, फुलावर आला, आणि गाडला.
रस्त्यानं जाणारे सायकल थांबवायचे:
"उगवायचं आणि गाडायचं? हेच शिकलास व्हय शिरोलीत?"
होय म्हणालो. साचा मोडल्याशिवाय ओतीव बाहेर येत नाही.
बोललो ऐटीत,
रात्री मात्र छताच्या कौलांची मोजदाद केली.

मग एका सकाळी, तोड यायच्या आधीच,
नेमगोंडाच्या रानात कोयत्याचा आवाज.
एकटाच होता, दोन सऱ्या रुंद,
उभ्या उसात भांग पाडत निघालेला.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
कुणी म्हणतं, त्याच्या विहिरीच्या पाण्यानं चहा फुटला.
कुणी म्हणतं, सून बोलली.
मी वहीतलं "नाही" खोडलं नाही,
पुढं तारीख घातली फक्त.

पाइपच्या तोंडातून पहिलं पाणी ओढ्यात पडलं
तेव्हा सगळे उकिडवे बसलो होतो,
डोंबाऱ्याचा खेळ बघायला बसावं तसे.
हौसाक्कानं बोट बुडवून चाखलं,
तोंड वाकडं केलं, मग हसली.
बाबालालनी चाखलं. नेमगोंडानंही.
"ह्यातलं माझं किती?" तो म्हणाला.
मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं,
आणि तसाच बसून राहिलो.

हौसाक्का ओढ्याच्या खालच्या अंगाला बघत होती.
"फुडं कुणाचं रान हाय रं?"

मंगळवारी तिकडं जायचं ठरलंय.
चहाचे पैसे मी घेतलेत बरोबर.