जादाचे सात सेंटिमीटर

फेब्रुवारीत हीच बोट, हाच समुद्र,
गाडीसकट दोनशे दहा.
ऑगस्टात आठशे चव्वेचाळीस.
मधल्या काळात लाटा काही वाढत नाहीत,
जेनोआ तिथंच असतं, पोर्तो तोर्रेसही तिथंच.
फक्त बाकिझियोचा कारखाना
वर्षातून एकदाच बंद होतो, दोन आठवडे.
फ्रिजची दारं बसवणारे सगळे हात
एकदम मोकळे होतात
आणि बोटीला ते ठाऊक असतं.

शाळा कधी सुटतात, सणाचा शनिवार कुठला,
कुणाची आई वाट पाहते,
सगळं ओळखून असते ती.
आपण स्वस्त दिवस शोधत खाली खाली जातो
तर तळाशी मंगळवार, ऑक्टोबर.

गाडी घेतली होती अकराशेला,
एका बेकरीवाल्याकडून. डिकीत अजून पिठाचा वास.
चार आण्याची कोंबडी, मी म्हणते,
आणि पुढचं म्हणत नाही,
कारण मसाला तोच वाटत बसलेला असतो,
रात्री अकराला, टेबलावर, पेन्सिलनं.

मागच्या वर्षी गाडीशिवाय गेलो.
गावात बस दिवसाला दोन,
दुसरी निघते ती परत येत नाही.
मग चुलतभावाची गाडी.
पहिल्या दिवशी किल्ली त्यानं हसून दिली,
चौथ्या दिवशी पेट्रोलच्या काट्याकडं बघून,
सातव्या दिवशी किल्ली सापडेना.
उपकाराचं भाडं तिकिटावर छापत नाहीत.
त्याच्या मुलाला तुरीनमध्ये आमचा सोफा दिला,
तीन महिने.
आणि बोनारिया, माझी सासू,
गुडघे धरून उंबऱ्यात बसून राहिली.
समुद्र चाळीस किलोमीटर. पाहिला नाही तिनं.

म्हणून यंदा गाडी.
आणि म्हणून केबिन नाही.

धक्क्यावरच्या रांगेत, रात्री नऊला,
चमकत्या जॅकेटातला पोरगा टेप लावतो.
चार मीटर सात.
तुमचं तिकीट चारपर्यंतचं.
मागं ट्रेलर ओढायचा हुक, बेकरीवाल्याच्या काळातला,
आम्ही त्यानं कधी काही ओढलं नाही,
ओढलं ते गाडीलाच.
सात सेंटिमीटरचे एकशेबारा युरो.

बाकिझियो भांडला नाही.
इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली आडवा झाला.
मागून हॉर्न, मग आणखी हॉर्न,
मग हॉर्नवालाच उतरला, कुणी म्हातारा गवंडी,
सतरा नंबरचा पाना घेऊन,
विचारलं नसताना आपल्या गावाचं नाव सांगत.
गाविना टॉर्च धरून बसलेली,
बाबा, डावीकडं फिरव, डावीकडं.
दुसरा बोल्ट गंजलेला.
त्या एका बोल्टवर अर्धी रांग वाकली.
सुटला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली
आणि पोरानं पुन्हा टेप लावला,
तीन पंचाण्णव,
स्वतःच सुटल्यासारखा हसला.

रात्रभर गाडी खालच्या मजल्यावर,
पट्ट्यांनी बांधलेली, छपराखाली.
वर आम्ही, बंद बारशेजारी, गालिचावर.
तिचं भाडं आपल्या तिघांच्या दुप्पट,
बाकिझियो अंधारात म्हणाला,
तिलाच वर झोपवायला हवं होतं.
मी हसले.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
इंजिनाची थरथर गालिचातून दातांपर्यंत.

चौथ्या दिवशी बोनारियाला समुद्रावर नेलं.
ती उतरलीच नाही.
दार उघडं, पाय बाहेर, चपला मांडीवर,
तासभर बघत बसली,
मग म्हणाली, चला, शेंगा सोलायच्यात.

परतीच्या प्रत्येक वळणावर
सीटखाली काहीतरी घरंगळत होतं, लोखंडी.
काय वाजतंय रे, तिनं विचारलं.
काही नाही, आई, तो म्हणाला.
एकशेबारा युरो.