आठशे पन्नास

टोलीडोत, फ्रंट स्ट्रीटवर, तेहतीस वर्षं
मी काउंटरमागे उभा राहून लोकांना कमी विकतोय.
धंद्याला हे बरं नव्हे, बायको म्हणते.
पण येणारा जो तो इंजिन एक घेऊन येतो
आणि कार्बोरेटर मागतो दुसऱ्याच इंजिनाचा,
जे त्याला एकोणिसाव्या वर्षी हवं होतं.

मार्चमध्ये इलोना ताकाच आली.
हंगेरियन वस्तीतली, वय एकाहत्तर,
बुटांवर रस्त्यावरचं मीठ वाळलेलं.
खोकं काउंटरवर ठेवून म्हणाली,
"बेलाचं आहे. बसवून द्या."

आत ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड, एकमजली,
आणि आठशे पन्नासचा कार्बोरेटर, चार तोंडांचा,
बहात्तर सालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
पेट्रोलचा थेंबही न चाखलेला.
झाकणावर पेन्सिलीनं: पुढच्या उन्हाळ्यात.
खाली साल. खोडलेलं. त्याखाली दुसरं साल.
मी अकरापर्यंत मोजली.

बेला, तिचा भाऊ, काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता.
त्याची अडुसष्टची पाँटियाक सगळ्या गल्लीला ठाऊक:
शनिवारी चर्चच्या बिंगोला, ताशी पंचवीस मैल,
मागे सायकलवाली पोरं वैतागलेली.
तो गेला जानेवारीत. त्याच थंडीत
बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डला तडा गेला.
मी दोन्हींचा संबंध लावत नाही.

पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला.
चारशे घनइंच, गुणिले फेरे,
भागिले तीन हजार चारशे छप्पन्न.
"कुठपर्यंत नेणार?" मी फेऱ्यांबद्दल विचारत होतो.
"डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत," ती म्हणाली. "येताना वाणी."

साडेपाच हजार फेरे धरले तरी सहाशे सदतीस.
साडेसहाशेचा पुरे. जेवून वर ढेकर देईल.
आणि मॅनिफोल्ड दुमजली घ्या, मी म्हटलं,
अरुंद, वळणावळणाच्या बोळांचं घर ते.
हवा तिथं लगबगीनं चालते,
पेट्रोलचं बोट सोडत नाही.
हे तुमचं एकमजली म्हणजे मोकळा दिवाणखाना;
साडेसहा हजारांना मैफल रंगेल,
पण पंधराशेला हवा आत येऊन नुसती बघत बसते
आणि पेट्रोल भिंतीला चिकटतं, लाजऱ्या पाहुण्यासारखं.
सिग्नल हिरवा होतो, इंजिनाला ठसका लागतो.

तिनं सगळं ऐकलं. मान डोलावली.
मग म्हणाली, "एकदाच."

दोन दिवस लागले.
गॅस्केट फुकट जाणार, हे ठाऊक असून लावलं.
उंची वाढली, बॉनेट मिटेना,
ते काढून भिंतीला टेकवलं.
ती एकटीच बसली. मी दारात उभा राहिलो.

पहिल्या चौकात खोकला. गप्प.
पुन्हा स्टार्टर, पुन्हा खोकला, पुन्हा गप्प.
मी किल्ल्या घेऊन निघणार, एवढ्यात
रिफायनरीच्या पलीकडून, नदीकाठच्या सरळ रस्त्यावरून,
चारही तोंडं एकदम उघडल्याचं ऐकू आलं.
कसं, ते सांगता येत नाही मला. मी सुटे भाग विकतो.
शेजारच्या लाँड्रीतली बाई ओली चादर हातात घेऊन बाहेर आली,
एवढं सांगतो.

अकरा मिनिटांनी परतली.
केस विस्कटलेले, अंगाला कच्च्या पेट्रोलचा वास,
हात थरथरत होते. पाय नाही.
"काढा आता," म्हणाली. "तुमचा साडेसहाशेचा लावा.
चोक मात्र आपोआप उघडणारा द्या,
सकाळी माझी बोटं वळत नाहीत."
मग माझ्या कानामागची पेन्सिल घेतली,
झाकणावरच्या शेवटच्या सालाशेजारी
एक बारीक बरोबरची खूण केली,
आणि खोकं तिथंच सोडून गेली.

ते वरच्या फळीवर आहे.
किंमत लिहायची चिठ्ठी डकवली, ती कोरीच.
परवा एक पोरगा आला, नखांत काळं, एकोणीसचा असेल.
त्याला बरोबर तेच दिसलं.
"केवढ्याला?"

मी म्हटलं, आधी सांग,
इंजिन कुठलंय.